कुलूप लावलेली बराक

अनेक आशीर्वाद.

अर्थसंकल्पाच्या शाखेत रुजू झालीस आणि पहिल्याच आठवड्यात तुरुंगाची नस्ती, म्हणजे फाईल, टेबलावर आली, हे वाचून हसू आलं. नव्या बराकीचा प्रस्ताव आहे, कागद सगळे जागच्या जागी आहेत, मग अडवायचं कशाला, असं तू विचारतेस. अडवू नकोस. पण सही करण्याआधी एकदा लेखाशीर्षं, म्हणजे कुठला खर्च कशावर ते सांगणारे हिशेबातले क्रमांक, शेजारी शेजारी मांडून बघ.

शीर्षाचा पहिला आकडा वाचायची सवय लाव. २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. तुरुंग चालवायचा पैसा २०५६ मध्ये असतो: रक्षकांचे पगार, कैद्यांचं जेवण, औषधं, वीजबिल. इमारत उभी करायचा पैसा पुष्कळदा सार्वजनिक बांधकामाच्या ४०५९ मध्ये, आणि तिची डागडुजी २०५९ मध्ये. भिंत एकच, शीर्षं तीन. बांधणाऱ्याला ती चालवायची नसते आणि चालवणाऱ्याला ती कधी पुरी होणार याचा पत्ता नसतो. दोघांचे कागद एकत्र येतात ते फक्त तुझ्या टेबलावर.

माझ्या नोकरीत अशीच एक बराक माझ्या हाताखालून गेली. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, सगळं रीतसर. बांधून झाली, रंग लागला आणि दाराला कुलूप लागलं. रक्षकांची पदं मंजूर करून घ्यायचा प्रस्ताव कुणी पाठवलाच नव्हता. पलीकडच्या जुन्या बराकीत माणसं आळीपाळीनं झोपत होती. दीड वर्षानं पाहायला गेलो, तर न वापरलेल्या इमारतीची गच्ची गळत होती. दोष दुसऱ्या कुणाला देऊ? नस्तीतला आवर्ती, म्हणजे दरवर्षी लागणाऱ्या, खर्चाचा रकाना कोरा होता आणि मी तो कोराच पुढे पाठवला होता.

या चुकीला हल्ली थोडं खतपाणीही मिळतं. २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं. योजना चांगली आहे; रस्ते, पूल, इमारती त्यातून होतात. पण पगार आणि आहार त्यातून भागत नाही. भांडवली खर्च वाढला की कौतुक होतं, पदं वाढवली की महसुली तूट दिसते. मग भिंती वाढतात, माणसं वाढत नाहीत.

आणखी एक प्रश्न नस्तीवर विचार, लोक नाराज झाले तरी चालेल: गर्दी कोणाची आहे? ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत होते ५,७३,२२० कैदी. त्यांतले दर शंभरातले सुमारे शहात्तर कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेलाच नाही. हा ताण बांधकाम विभाग एकटा कसा हलका करणार? न्यायालयात वेळेवर न्यायचं तर पोलीस पथक आणि गाडी हवी. कित्येकजण जामीन मिळूनही रक्कम भरता येत नाही म्हणून आत असतात. यातला काही खर्च बराकीच्या मानानं किरकोळ असतो, पण तो अर्थसंकल्पातल्या दुसऱ्याच मागणीत, म्हणजे दुसऱ्या खात्याच्या पैशांत, असल्यामुळे बराकीच्या नस्तीत त्याचा उल्लेखही येत नाही.

आणि हे कुणी आमदार पत्र लिहून मागणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगातल्या माणसाला मतदान करता येत नाही. शिक्षा झालेल्याला नाही आणि कच्च्या कैद्यालाही नाही. रस्त्यासाठी तुझ्याकडे शिफारशींचा ढीग येईल. तुरुंगासाठी येईल ते फक्त अधीक्षकाचं स्मरणपत्र, तेही तिसरं किंवा चौथं. ते वाचत जा.

आता लाक्षणिक, म्हणजे नावापुरत्या, तरतुदीबद्दल, कारण त्यात भलेभले फसतात. समज, ६० कोटींचं काम आहे आणि यंदा अर्थसंकल्पात त्याच्यापुढे हजार रुपये ठेवले. काम पुस्तकात आलं, गावात फलक लागला. पुढच्या वर्षी ३ कोटी. या चालीनं वीस वर्षं लागतील, आणि तोवर दरसूची, म्हणजे बांधकामाचे सरकारी दर, किती वेळा बदलेल ते तूच मोज. म्हणून चालू कामांचं एकूण दायित्व, म्हणजे अजून द्यायचा पैसा, काढ आणि त्याला वर्षाच्या तरतुदीनं भाग. येणारा आकडा म्हणजे वर्षं. मी तो पेन्सिलीनं नस्तीच्या समासात लिहायचो. वरिष्ठांना आवडायचं नाही, पण खोडायचं कुणी नाही. वर्षाच्या मध्येच येणाऱ्या पुरवणी मागण्यांत नवी कामं घुसतात तेव्हा हा भागाकार पुन्हा कर.

मार्चचं जास्त सांगत नाही, अनुभवशील. ३१ मार्चला अखर्चित निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यात स्वीय प्रपंजी खात्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या सरकारी ठेव खात्यात, पैसे वळवण्याची घाई होईल. तिथे पडलेला पैसा हिशेबात खर्च दिसतो आणि जागेवर वीटही लागलेली नसते. महालेखापरीक्षक हे वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत.

तुझ्या नस्तीवर आज एवढंच कर: "आवर्ती खर्च व पदनिर्मितीचा तपशील जोडावा" असा शेरा मारून परत पाठव. आठ दिवसांत उत्तर आलं तर मला कळव, माझ्या काळात तीन महिने लागायचे.

तुझा,
काका