आपले प्रश्न : जाम झालेले ग्लो इंजिन

प्रश्न : माझ्या विमान-प्रतिकृतीचे दोन स्ट्रोकचे ग्लो इंजिन वर्षभर कपाटात पडून होते. आता पंखा तसूभरही हलत नाही. पक्कड लावून फिरवावे का, की इंजिन कायमचे निकामी झाले आहे?

उत्तर : पक्कड लावू नये आणि पंख्यावर जोरही देऊ नये, कारण अशा इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टन व क्रँकशाफ्ट यांना जोडणारा दांडा) बहुधा अॅल्युमिनियमचा असतो व तो वाकला, तर आज तेल सुकण्यापुरते असलेले दुखणे उद्या खरोखरच मोठे होऊन बसते. ग्लो इंजिनाच्या इंधनात मिथेनॉलबरोबर वंगण म्हणून अनेकदा एरंडेल असते आणि ते पडून राहिले की घट्ट होऊन पिस्टन व बेअरिंगना गुळाच्या पाकासारखे धरून ठेवते. टाकी व इंधनाच्या नळ्या वेगळ्या कराव्यात, ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा भाग) काढावा, हीट गनने इंजिन बाहेरून सावकाश तापवावे, प्लगच्या छिद्रातून पातळ तेलाचे काही थेंब सोडावेत आणि थोडा वेळ थांबून पंखा दोन्ही दिशांना हलकेच हलवून पाहावा. एका खेपेत सुटले नाही, तर पुन्हा तापवावे. येथे घाई हाच मोठा शत्रू आहे.

आपले इंजिन ‘एबीसी’ जातीचे, म्हणजे अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा मुलामा दिलेली पितळी स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली सरकतो ती नळी) असलेले असेल, तर थंड असताना पिस्टन अगदी वर आल्यावर तो अडतो, हा दोष समजू नये. ही स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दामच किंचित निमुळती ठेवलेली असते, कारण चालू इंजिनात तोच भाग सर्वाधिक तापून प्रसरण पावतो. म्हणूनच इंजिन ठेवून देताना पिस्टन खाली आणून ठेवावा.

सुटलेले इंजिन फिरवताना करकर जाणवली, तर संशय बेअरिंगवर घ्यावा, त्यातही मागच्या. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि नायट्रोमिथेनयुक्त इंधन जळाल्यावर आम्लयुक्त अवशेष मागे राहतात, त्यामुळे पोलादी गोळ्यांना गंज चढतो. अशी बेअरिंग धुऊन-पुसून पुन्हा वापरण्याची काटकसर मला पटत नाही, ती बदलावीत. क्रँकशाफ्ट आणि रबर-प्लॅस्टिकचे सर्व भाग काढून रिकामा क्रँककेस (इंजिनाचे मुख्य कवच) सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला आणि लाकडी ठोकळ्यावर आपटला की मागचे बेअरिंग बहुधा आपोआप निसटते.

गंज टाळण्याचा उपाय मात्र फुकटचा आहे. दिवसाचे शेवटचे उड्डाण झाले की इंधनाची नळी चिमटून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, मग कार्ब्युरेटरमध्ये व प्लगच्या छिद्रातून गंजरोधक तेलाचे थेंब सोडून ते हाताने फिरवावे.

प्रश्न : इंजिन सुरू होते, पण ग्लो प्लगची बॅटरी काढताच बंद पडते. बॅटरी तर पूर्ण चार्ज असते.

उत्तर : बॅटरीचे काम फक्त इंजिन सुरू करून देण्याचे असते. त्यानंतर प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार आधीच्या ज्वलनाच्या उष्णतेने आणि मिथेनॉलवर होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेने स्वतःच लाल राहते. तारेवर काजळी चढली किंवा ती वेडीवाकडी झाली, तर वीज देताच ती झगझगीत पेटेल, पण विजेवाचून तग धरणार नाही. म्हणून प्रथम नवा प्लग लावून पाहावा. त्याने फरक पडला नाही, तर मिश्रणात इंधन जास्त होऊन तार थंड पडत असावी; निडल व्हॉल्व्ह (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) थोडाथोडा आत फिरवावा. यात अती करू नये, कारण या इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळते आणि इंधन कमी केले की तेलही कमी होते. विमान घट्ट धरून, पंख्याच्या मागे उभे राहून, पूर्ण वेगात नाक आकाशाकडे करावे. आवाज पडू लागला, तर निडल पुन्हा किंचित बाहेर घ्यावा.