सर्व्हिस हळू कर

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. सर्व्हिस करून नेटकडे धावतोस आणि अर्ध्या वाटेतच चेंडू पायात येतो. टेनिस क्लबातले मोठे म्हणतात मागे राहून खेळ, टीव्हीवरही हल्ली क्वचितच कोणी पुढे जातं, मग सोडून देऊ का, असं विचारतोस. सोडू नको. सर्व्हिस हळू कर.

जोरात मारलेली सर्व्हिस परतही तितक्याच लवकर येते. मागची रेघ म्हणजे बेसलाइन नेटपासून ३९ फुटांवर, सर्व्हिस लाइन २१ फुटांवर. मधले १८ फूट तुला कापायचेत आणि त्यासाठी लागणारा वेळ तू स्वतःच खाऊन टाकतोस. स्वीडनचा एडबर्ग पहिल्या सर्व्हिसलाही किक, म्हणजे स्पिन देऊन उंच उसळणारी हळू सर्व्हिस, मारायचा, ते दोन पावलं जास्त मिळावीत म्हणून. १९८८ आणि १९९० चं विम्बल्डन त्याने असंच पुढे जाऊन जिंकलं. आपल्या मुरमाच्या कोर्टावर तर किक चांगली खांद्याएवढी उसळते. समोर खेळणाऱ्या रेंजर साहेबांच्या बॅकहँडला टाक, नाहीतर सरळ अंगावर. बाहेर काढलीस की त्यांना कोन मिळतो, मग बाजूने चेंडू काढून दिला, पासिंग शॉट खाल्ला, अशी तक्रार माझ्याकडे आणू नको.

आता एक कर. पहाटे पाणी मारून रोलर फिरवलेला असतो तेव्हा पहिली सर्व्हिस तूच घे आणि पॉइंट झाला की खाली बघ. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी, जिथे असशील तिथे, दोन्ही पाय टेकवून थांबायचं असतं. तसा थांबला असशील तर मुरमावर दोन ठसे शेजारी-शेजारी उमटतील, खांद्याच्या रुंदीएवढे. धावतच होतास तर एकामागे एक लांब ओरखडे दिसतील. ठसे सर्व्हिस लाइनच्या हातभर मागे असले तर बरंय. बेसलाइनच्याच जवळ असले तर बाप्पा, अजून जोर लावतोयस. हळू कर.

पहिली व्हॉली, टप्पा पडू न देता मारलेला फटका, खोल ठेव, पॉइंट दुसरीवर संपव. हे तुला ठाऊक आहेच.

टीव्हीचं म्हणशील, तर २००१ साली विम्बल्डनचं गवत बदललं आणि २००२ च्या फायनलमध्ये ह्युइट आणि नाल्बांडियन दोघेही बेसलाइनवरूनच खेळले. रॅकेटच्या पॉलिएस्टर तारांनी चेंडू जोरात मारूनही आत ठेवता यायला लागला. त्यांच्यासमोर पुढे जाणं खरंच महाग. पण तुझ्यासमोर ह्युइट नाही, गुडघ्याला पट्टा बांधलेले रेंजर साहेब आहेत! तालुक्याच्या कोर्टावर धावत्या माणसाच्या बाजूने नेमका पास मारणारे कितीक असतात?

माझी उमेदीची वर्षं एका कोचच्या सांगण्यावरून मागे उभं राहण्यात गेली. ‘तू बुटका आहेस, डोक्यावरून लॉब खाशील,’ म्हणायचे. ती वर्षं अजून सलतात. नंतर ऐकलं नाही कुणाचं. लोक आजही म्हणतात, मागे राहिला असता तर दोन-चार कप घरी असते. असते की! कपाटात धूळ खात पडले असते. मी हरलो तो पुढे गेल्यामुळे नाही, तिसऱ्या सेटमध्ये दम संपायचा म्हणून. तुला पटलं नाही तरी चालेल, मला पटलंय.

लॉब पडतील, पडू दे. चैत्राच्या वाऱ्यात निम्मे बाहेरच जातात.

आणि ते लव झिजलेले टकले चेंडू फेक. त्यांच्यावर स्पिन धरत नाही, किक नुसती पोचते, उसळत नाही. कापूस विकला गेल्यावर नाही, आत्ता नवा डबा घे. पैसे मी देतो. नाहीतर तू पुन्हा जोर लावशील आणि मला पुन्हा हेच पत्र लिहावं लागेल.

तुझा,
काका