टांगानिकातील (आजच्या टांझानियातील) न्जोंबे भागातले नरभक्षक सिंह खरोखरच मांत्रिकाच्या हुकमावर माणसे मारत होते का?

नाही, सिंह खरे होते आणि बळीही खरे होते, पण त्यांच्यामागे मांत्रिकाचा हात असल्याची गोष्ट ही लोकसमजूत आहे. त्या समजुतीनुसार मतामुला मंगेरा या मांत्रिकाला त्याच्या पदावरून काढल्याचा सूड म्हणून त्याने सिंह गावांवर सोडले होते. हे सिंह म्हणजे त्याने जादूने घडवलेले प्राणी आहेत, असेही काही जण मानत. नाव घेतले की सिंह येतो, या भीतीने गावकरी त्यांच्याविषयी बोलायलाही कचरत, त्यामुळे ब्रिटिश सरकारचा शिकार अधिकारी जॉर्ज रशबी याला माग काढण्यासाठी लागणारी साधी माहितीही सहजासहजी मिळेना. सिंह मनुष्यभक्षणाकडे का वळले, याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे कारण अधिक पटण्यासारखे आहे: गुरांमधील बुळकांडी रोग पसरू नये म्हणून वसाहत सरकारने त्या पट्ट्यातील हरणे, रेडे वगैरे वन्य प्राणी मोठ्या प्रमाणावर मारून टाकले आणि सिंहांचे नेहमीचे भक्ष्यच नाहीसे झाले. रशबीने पंधरा सिंह मारल्यावर हल्ले थांबले. गावकऱ्यांनी मात्र त्याचे श्रेय मंगेराला पद परत मिळाल्याला दिले. एक खुलासा आवश्यक आहे: १९३२ ते १९४७ या काळात सुमारे १,५०० माणसे मारली गेली, हा सर्वत्र उद्धृत होणारा आकडा म्हणजे एकेका मृत्यूची नोंद करून काढलेली बेरीज नव्हे, तो अंदाज आहे.