तालिबानने लादेनला सोपवलं असतं तर अफगाणिस्तानवरचा हल्ला टळला असता का?

एकटा लादेन देऊन? २० सप्टेंबर २००१ च्या बुशच्या भाषणानंतर नाही. त्याआधीच्या तीन वर्षांत बहुधा हो. पण ‘तालिबान द्यायला तयारच होते, बुशला युद्ध हवं होतं’ हे पालुपद दर सप्टेंबरात नव्याने फिरतं, तेव्हा आधी त्याचा निकाल लावू.

पुरावा म्हणून नेहमी तालिबानचे उपपंतप्रधान हाजी अब्दुल कबीर यांचं १४ ऑक्टोबर २००१ चं विधान दाखवतात: बाँबफेक थांबवा, पुरावे द्या, मग लादेनला अमेरिकेच्या दबावाखाली न येणाऱ्या तिसऱ्या देशाकडे देऊ. बुशनी ते त्याच दिवशी उडवून लावलं, हे खरं. पण त्या विधानात देशाचं नाव नाही, न्यायालय नाही, तारीख नाही, ताबा कुठे द्यायचा तेही नाही. शिवाय बोलणारे कबीर जलालाबादला आणि निर्णय तालिबानचा सर्वोच्च नेता मुल्ला उमरच्या हाती, कंदाहारला. सशस्त्र अरबांच्या पहाऱ्यातल्या माणसाला धरायला कोण जाणार होतं?

खरा प्रस्ताव कसा असतो ते लॉकरबीत, म्हणजे १९८८ मध्ये स्कॉटलंडवर विमान बाँबने उडवल्याच्या खटल्यात, दिसतं. आरोपी दोन, नावानिशी ठरलेले. खटला नेदरलँड्समधल्या कॅम्प झाइस्टला, कायदा स्कॉटलंडचा, ज्युरीऐवजी तीन न्यायाधीश. ५ एप्रिल १९९९ ला लिबियाने दोघांना विमानाने पाठवलं आणि त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध स्थगित झाले.

तुमच्या प्रश्नाला याहून जवळचं उदाहरण सीरियाचं. अब्दुल्ला ओजलान वर्षानुवर्षं दमास्कसच्या आश्रयाने पीकेके ही तुर्कस्तानविरुद्ध लढणारी कुर्दांची सशस्त्र संघटना चालवत होता. ऑक्टोबर १९९८ मध्ये तुर्कस्तानने सीमेवर फौज लावली, राष्ट्राध्यक्ष देमिरेल यांनी उघड दम दिला आणि ९ तारखेला ओजलान सीरियाबाहेर गेला. सीरियाने त्याला तुर्कांच्या हाती दिलंच नाही, फक्त घालवलं. पण तेवढ्यावर भागलं नाही. २० ऑक्टोबरला अदाना करार झाला: पीकेके दहशतवादी ठरली, तळ बंद, शस्त्रं आणि पैसा बंद, दोन्ही बाजूंत थेट फोनलाइन. युद्ध टळलं ते या कलमांमुळे. ओजलान पुढे फेब्रुवारी १९९९ मध्ये नैरोबीत सापडला.

आता बुशच्या २० सप्टेंबरच्या मागण्या बघा. लादेनच नव्हे तर अल कायदाचे सगळे म्होरके, अटकेतले परदेशी मदत कार्यकर्ते, सगळे तळ कायमचे बंद, आणि ते झाले की नाही हे बघायला अमेरिकेला तळांत मुक्त प्रवेश. वर ‘वाटाघाटी नाहीत’. अल कायदाचे अरब तर उत्तर आघाडी या तालिबानच्या अफगाण विरोधकांशी तालिबानच्याच बाजूने लढत होते, म्हणजे ते सोडायचे तर स्वतःची फळी मोडायची.

पाहुण्याला देता येत नाही, पश्तूनवली ही पश्तूनांची परंपरागत आचारसंहिता आडवी येते, हेही नेहमीचं. लादेन मे १९९६ मध्ये जलालाबादला उतरला तेव्हा ते शहर तालिबानच्या हाती नव्हतंच. त्यांनी ते सप्टेंबरात घेतलं. पाहुणा त्यांना आयता मिळाला. जून १९९८ मध्ये सौदीचे गुप्तहेर प्रमुख राजपुत्र तुर्की अल फैसल कंदाहारहून लादेनला देण्याचा तत्त्वतः होकार घेऊन परतले होते, तो सप्टेंबरात मुल्ला उमरने फिरवला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १५ ऑक्टोबर १९९९ चा ठराव १२६७ तर सोपा होता: लादेनला द्या, निर्बंध उठतील. आणि ताब्याची तांत्रिक अडचण होती म्हणावं, तर आयसी ८१४ या भारतीय विमानाच्या अपहरणाच्या वेळी, ३१ डिसेंबर १९९९ ला, कंदाहारच्याच धावपट्टीवर आपण सोडलेले तिघे दहशतवादी सुखरूप पोचले आणि निघूनही गेले.

हे सगळं म्हणताना दोन गोष्टी मान्य. अमेरिकेवरच्या हल्ल्यात जवळपास ३,००० माणसं मेल्यावर बुशना नुसत्या हकालपट्टीवर थांबता आलं असतं असं मला वाटत नाही. तुर्कस्तानवर तसला दबाव नव्हता. आणि तालिबानमध्ये सगळेच आडमुठे नव्हते. काबूलच्या उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, सप्टेंबर २००१ मध्ये लादेनला स्वखुशीने निघून जायला सांगा असा सल्ला दिला होता, म्हणजे सीरियाचीच वाट. तो दिलाही २० सप्टेंबरला, बुशच्या भाषणाच्याच दिवशी, आणि मुल्ला उमरने तो अमलात आणला नाही.