मागच्या जिन्याची चावी कोणाकडे?

वाचकांचे प्रश्न : शाळा आणि मुलांची सुरक्षा

शाळेत अचानक संकट आलं तर काय करावं, याविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. पत्रं भरपूर आली. मी सोलापुरात अग्निशमन दलात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर शाळांमध्ये जाऊन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो. प्रशिक्षणाला बहुतेक वेळा मुख्याध्यापक आणि एखादे शिक्षक येतात. शिपाई, स्वयंपाकाच्या ताई, सफाई करणाऱ्या मावशी, व्हॅनचे काका येत नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावत नाही. यावेळी त्यांच्यापैकी दोघींची पत्रं आली, याचा मला फार आनंद झाला. त्यांची उत्तरं मुख्याध्यापकांनीही वाचावीत.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा वसमत तालुक्यात आहे. पहिली ते चौथी, आम्ही दोन शिक्षक, वर पत्रे. २०२४ च्या भूकंपाच्या मोठ्या धक्क्यांपासून मुलं जरा आवाज झाला तरी दाराकडे धावतात. प्रशिक्षणात ‘बाकाखाली शिरा’ असं सांगितलं, पण आमची मुलं बसकरपट्ट्यांवर बसतात. मग शिरायचं कशाखाली? — एक शिक्षक, जि. हिंगोली

सर, तुमचा प्रश्न प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. बाक नसेल तर मुलांनी खिडकी, कपाट आणि फळ्यापासून दूर, आतल्या भिंतीलगत गुडघ्यांवर बसायचं, मान खाली घालायची आणि दोन्ही हातांनी डोकं आणि मानेचा मागचा भाग झाकायचा. दप्तर हाताशी असेल तर ते डोक्यावर धरायचं. हादरे थांबेपर्यंत हलायचं नाही. तुमच्याकडे २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला बसले तसे धक्के काही सेकंदांचे असतात. तेवढ्या वेळात चाळीस मुलं एका दारातून सुटत नाहीत, दारातच एकमेकांच्या अंगावर पडतात.

पण हे झालं धक्क्याच्या वेळचं. त्याआधीचं काम जास्त मोलाचं आहे. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले असतील तर ते आजच काढा आणि पत्रे हुकांनी पक्के आवळून घ्या. मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनानेही हेच सांगितलं होतं. कपाट लोखंडी पट्टीने भिंतीला जखडा. भिंत दगडमातीची असेल किंवा तिला तडे असतील तर ग्रामपंचायत आणि गटशिक्षणाधिकारी, दोघांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. भिंत तपासून होईपर्यंत वर्ग झाडाखाली किंवा समाजमंदिरात भरवा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. तिथे माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आल्याने.

मोकळी जागा म्हणून कुठेही उभं राहून चालत नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छच्या भूकंपात अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरं कोसळली आणि १८५ मुलं, २० शिक्षक गेले. ती मुलं छताखाली नव्हती, तरी गेली. तेव्हा तुमच्या मैदानात कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी आणि विजेच्या तारा यांपासून लांबची एक जागा ठरवा आणि चुन्याने गोल आखा. चौथीच्या एकेका मुलाला पहिलीतलं एकेक मूल वाटून द्या. आणि ज्या दिवशी तुमचे जोडीदार शिक्षक केंद्रशाळेत बैठकीला गेले असतील, त्या दिवशी सराव करून बघा. संकट काही दोघं हजर असतानाच येईल असं नाही. पोषण आहाराच्या ताईंना त्या गोलापर्यंत मुलं नेता आलीच पाहिजेत.

प्रश्न : आमच्या शाळेची इमारत तीन मजली, जिने दोन. मुलं बाहेर पळू नयेत आणि परका माणूस आत येऊ नये म्हणून मागच्या जिन्याखालचं दार कायम कुलूपबंद असतं. मॉक ड्रिल वर्षातून एकदा. आधी परिपत्रक निघतं, सगळे पुढच्या जिन्याने शिस्तीत उतरतात, फोटो निघतात. आपत्ती व्यवस्थापन आराखड्याची फाईल तयार आहे. तरी मला धाकधूक वाटते. ती उगाच आहे का? — पर्यवेक्षिका, पुणे

बाई, उगाच नाही. आधी कुलपाचं बोलू. मागच्या दाराची चावी कोणाकडे असते? बहुतेक शाळांत उत्तर मिळतं, ‘ऑफिसात, खिळ्याला.’ ऑफिस तळमजल्यावर, पुढच्या जिन्याशेजारी. आणि पुढच्या जिन्यात धूर भरल्याशिवाय मागच्या दाराची गरजच पडत नाही. म्हणजे चावी नेमकी त्या वेळी हाती लागत नाही.

मुलं बाहेर जाऊ नयेत ही काळजी रास्तच आहे, विशेषतः पूर्वप्राथमिकचे वर्ग असतील तर. त्यावर उपाय आहे. दार बाहेरून उघडू नये, पण आतून विनाचावी उघडावं. पॅनिक बार म्हणून आडवी दांडी मिळते, ती आतून ढकलली की दार उघडतं. तिच्यासोबत बेल बसवली की कोणी दार उघडलं ते लगेच कळतं. खर्चाचं लगेच जमत नसेल तर दांडी बसेपर्यंत शाळेच्या वेळेत तिथे माणूस बसवा आणि चावी त्याच्या कमरेला असू द्या. जेवायला उठताना त्याने ती बदलीच्या माणसाकडे सोपवायची. कुलूप लावून माणूस निघून गेला, हे एक दिवसही चालवून घेऊ नका.

आता ड्रिल. पुढच्या वेळी परिपत्रक काढा, पण त्यात दिवस लिहू नका. ‘या महिन्यात केव्हाही’ एवढंच लिहा. मधल्या सुट्टीत घ्या, मुलं डबा खात असताना. एकदा पुढच्या जिन्याच्या पहिल्या मजल्यावर लाल कापड धरून एका शिक्षकाला उभं करा : ‘इथे धूर आहे, हा रस्ता बंद.’ बघा कोण काय करतं. वर्गशिक्षक रजेवर असलेल्या वर्गाकडे मुद्दाम लक्ष ठेवा. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलाला कोणी उचलायचं, ते दोन माणसं नावानिशी ठरलेली हवीत, आणि दोघांपैकी एक गैरहजर असेल तर तिसरं कोण, तेही.

वर्गातून निघताना शिक्षकाने हजेरीपट उचलायचा, सर्वांत शेवटी बाहेर पडायचं आणि दार ओढून घ्यायचं, कडी न लावता. बंद दार धूर बराच वेळ अडवून धरतं. मजल्यावरची स्वच्छतागृहं कोण तपासणार? हे काम मी नेहमी शिपाईमामांना किंवा मावशींना देतो, कारण कुठल्या कोपऱ्यात मुलं लपतात ते त्यांना पाठ असतं. मैदानात हजेरी घ्यायची ती आज हजर असलेल्यांची, पटावरच्या आकड्याची नव्हे. आम्ही बंबातून उतरलो की पहिला प्रश्न विचारतो, ‘आत कोणी आहे का?’ ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तर आमच्या जवानांना तिन्ही मजल्यांची एकेक खोली चाचपत फिरावं लागतं. ‘पाचवी ब मधला एक मुलगा कमी आहे, शेवटी दुसऱ्या मजल्यावर दिसला होता,’ असं उत्तर आलं तर आम्ही थेट तिथे जातो.

आराखडा फाईलमध्ये असणं चांगलंच, पण त्यातलं एकेक वाक्य पायाखालून घाला. जपानमध्ये इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेत ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर मुलांना मैदानात आणलं गेलं. तिथवर सगळं नीट झालं. पुढे कुठे जायचं याबद्दल त्यांच्या पुस्तिकेत मोकळी जागा, बाग असं काहीतरी मोघम लिहिलं होतं. शाळेमागे टेकडी होती. पन्नासेक मिनिटं मैदानात गेली आणि त्सुनामीत ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी बुडाले. पालक कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात प्रशासनावरची जबाबदारी कायम झाली. तुमच्या फाईलमध्ये ‘सुरक्षित स्थळी हलवावे’ असं वाक्य असेल तर ते खोडा. त्या जागी जागेचं नाव, तिथला रस्ता आणि तो रस्ता बंद असेल तर दुसरा रस्ता लिहा.

आपल्या राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. तो घेताना एजन्सीच्या माणसाला सांगा की आग विझवायचा एक सिलिंडर आमच्या मावशींच्या हातून चालवून दाखवा. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि नळी आडवी फिरवायची. शाळेतला छोटा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो. हे आधी हाताने अनुभवलेलं नसेल तर माणूस सगळी पावडर ज्वाळांच्या टोकावर संपवतो.

प्रश्न : मी शाळेत खिचडी शिजवते. शेगडी वर्गाला लागून असलेल्या खोलीत आहे. मास्तर लोकांना ट्रेनिंग असतं, आम्हाला नाही. गॅस पेटला तर मी काय करू? — एक मदतनीस, जि. धाराशिव

ताई, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यावरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ ला देशातल्या सगळ्या शाळांना आदेश दिले. स्वयंपाक मुख्य इमारतीपासून दूर, सुरक्षित जागी करायचा आणि शिक्षकांबरोबर इतर कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षण द्यायचं. ‘इतर कर्मचारी’ म्हणजे तुम्ही. हे पान मुख्याध्यापकांना दाखवा. शेगडी वेगळ्या शेडमध्ये हलवायचा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा, समितीत पालक असतात.

तोवर एवढं करा. टाकी उभीच ठेवा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर. रोज काम संपल्यावर रेग्युलेटर बंद. नळीवर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गॅस गळतोय. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, मुलांना लांब न्या आणि बाहेर जाऊन गॅसगळतीसाठीच्या १९०६ वर फोन लावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून खालच्या फटी मोकळ्या हव्यात. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नाही. आच बंद करून मोठं झाकण सरकवत वर ठेवा. आग टाकीपाशी पोचली असेल आणि रेग्युलेटरपर्यंत हात जात नसेल तर सोडून द्या, ओरडत वर्गाकडे जा. घंटेचा एक लांब टोल म्हणजे सगळ्यांनी बाहेर, हे आधीच ठरलेलं असावं. तो टोल द्यायचा अधिकार तुम्हालाही आहे, कोणाला विचारत बसू नका.

प्रश्न : मी शाळेत सफाईचं काम करते. दुसरीतली एक मुलगी मला म्हणाली की एक माणूस तिला नको तिथे हात लावतो. मी ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, आधी खात्री करू, शाळेचं नाव जाईल. मी काय करावं? — पत्ता दिलेला नाही

मावशी, थांबू नका. आजच १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) ला फोन करा, किंवा थेट पोलीस ठाण्यात जा. मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, असं कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. खात्री करणं हे शाळेचं काम नाही, ते पोलिसांचं. माहिती दडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका, तिने जे शब्द वापरले ते तसेच कागदावर लिहून ठेवा. तो माणूस तिच्या आसपास एकटा जाणार नाही एवढं बघा. तिने शाळेतल्या इतक्या मोठ्यांपैकी तुम्हाला निवडलं आहे. तिला सांगा, ‘सांगितलंस ते चांगलं केलंस.’

प्रश्न : माझ्या सातवीतल्या मुलीला फिट येते. मागच्या वेळी शाळेत तिच्या नाकाला चप्पल लावली आणि तोंडात चमचा घातला, दात हलला. शिक्षकांना न दुखावता कसं सांगू? — एक आई, रत्नागिरी

ताई, त्यांनी घाईत, काळजीपोटीच केलं असणार, पण सांगायलाच हवं. चप्पल नको, कांदा नको, तोंडात काही नको, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा श्वास नीट चालत नसेल तर १०८. शुद्धीवर येईपर्यंत पाणीही नाही.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. खाली तिच्या गोळीचं नाव, डॉक्टरांचा फोन आणि तुमचा फोन टाका. डॉक्टरांची सही घेतलीत तर कोणाला वाईट वाटायचा प्रश्न येणार नाही. प्रती काढा : वर्गशिक्षिका, पीटीचे सर, ऑफिस, आणि रोज तिला नेणारे व्हॅनचे काका. काकांना कागद नुसता देऊ नका, समोर बसून वाचून दाखवा आणि कुशीवर कसं वळवायचं ते त्यांच्याकडून एकदा करून घ्या.