वाचक विचारतात : सिनेमातलं गाणं आणि सिंगल वेगळं का?

प्रश्न : ‘फ्रोझन’मधलं ‘लेट इट गो’ पडद्यावर एका आवाजात आणि शेवटच्या श्रेयनामावलीत दुसऱ्याच आवाजात ऐकू येतं. एकच गाणं दोनदा का करतात?

उत्तर : कारण दोन्हींची कामं वेगळी. २०१३च्या या अ‍ॅनिमेशनपटात इडिना मेन्झेल एल्सा या पात्राच्या आवाजात गाते. श्रेयनामावलीतलं डेमी लोव्हाटोचं पॉप सिंगल, म्हणजे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेलं गाणं, रेडिओसाठी आहे.

अ‍ॅनिमेशनमध्ये पात्राचं गाणं सहसा आधी ध्वनिमुद्रित होतं आणि ओठांची हालचाल त्यावर बेतली जाते. चित्र सेकंदाला २४ फ्रेम चालतं. लय मिनिटाला १२० ठोके असेल, तर प्रत्येक ठोक्याला बरोबर १२ फ्रेम मिळतात. १२५ केली की ११.५२! म्हणजे ठोका दोन फ्रेमच्या मधे पडतो. चित्र झाल्यावर कुणी लय बदलली, तर ओठ आणि शब्द यांची फारकत झालीच म्हणून समजा.

सिंगलवर हे बंधन नाही. कथेपुरत्या ओळी गाळता येतात, ध्रुवपद लवकर आणता येतं, ढोल-बेस पुढे काढता येतो. चित्रपटाच्या मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, मात्र संवाद आणि इतर आवाजांना जागा सोडावी लागते, शिवाय तो मिक्स सराउंड, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरसाठी असतो. तोच नुसता दोन स्पीकरच्या स्टिरिओत दाबला की आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. सिंगलसाठी नव्याने मिक्स करणंच बरं.

मुलांच्या कार्यक्रमासाठी कराओके ट्रॅक घेताना तो कोणत्या आवृत्तीचा आहे, हे आधी तपासा. नाहीतर पाठ केलेल्या ओळी ऐनवेळी सापडत नाहीत.