नीलतृण, बँजो आणि 'थेट' अल्बम

एका वाचकानं विचारलंय : "'डाउन फ्रॉम द माउंटन' या अमेरिकी अल्बमचा मराठीत परिचय लिहितोय. पहिलं वाक्य 'पारंपारिक मूळ व नीलतृण संगीताचा थेट गीतसंग्रह' असं जमवलंय. वाचणारे हसतात. नेमकं काय बिघडलंय?"

'मूळ' इथं 'रूट्स'साठी आलंय, 'नीलतृण' हे 'ब्लूग्रॅस' या अमेरिकी संगीतशैलीसाठी आणि 'थेट' हे 'लाइव्ह'साठी. एकेक शब्द सुटा घेतला तर कोशात सापडेल असा आहे. घोटाळा हा की यातला एकही शब्द तिथं सांगायचं ते सांगत नाही. आधी अल्बम कसला ते पाहू, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. २४ मे २००० रोजी अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या रायमन सभागृहात एक कार्यक्रम झाला. कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' या चित्रपटासाठी टी-बोन बर्नेट यांनी जी जुन्या वळणाची गाणी करून घेतली होती, ती गाणारी मंडळी त्या संध्याकाळी एकत्र आली. राल्फ स्टॅन्ली, एमिलू हॅरिस, अ‍ॅलिसन क्राउस, गिलियन वेल्च, फेअरफिल्ड फोर, कॉक्स कुटुंब, व्हाइट कुटुंब, क्रिस थॉमस किंग. निवेदन जॉन हार्टफर्डचं. त्याच कार्यक्रमाचा माहितीपट आणि हा अल्बम.

आता 'थेट'. आपण म्हणतो थेट मुद्द्यावर आला, थेट शेतातून, थेट प्रक्षेपण. या सगळ्यांत भाव एकच, मध्ये काही नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा कार्यक्रम आज कानाला हेडफोन लावून ऐकताना मध्ये पंचवीस वर्षं आहेत, ते थेट कसं होईल? गोंधळ 'लाइव्ह' या शब्दानंच घातलाय, कारण आपण तो तीन अर्थांनी वापरतो. 'मॅच लाइव्ह दाखवतायत' म्हणजे आत्ता, या क्षणी. 'मी त्यांना लाइव्ह ऐकलंय' म्हणजे समोर बसून. आणि 'लाइव्ह अल्बम' म्हणजे स्टुडिओत नव्हे, श्रोत्यांसमोर गातावाजवताना मुद्रित केलेला. 'थेट' यातल्या फक्त पहिल्याला लागतो. 'जिवंत ध्वनिमुद्रण' असंही कुणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, मराठीत तार जिवंत असते, काडतूस जिवंत असतं आणि गणपतीत देखावा जिवंत असतो, म्हणजे हलत्या पुतळ्यांऐवजी खरी माणसं उभी केलेला. ध्वनिमुद्रणाला ते विशेषण लावलं की वाचणारा भलतीकडेच जातो.

'मैफलीतलं ध्वनिमुद्रण' हा शब्दप्रयोग आपल्याकडे तयार आहे आणि बहुतेक ठिकाणी तो चालतो. इथं मात्र जरा अडखळायला होतं. मैफल म्हटलं की एक गवई, त्याची साथ, चार-दोन तास आणि हळूहळू चढत जाणारा रंग. रायमनमध्ये दोन हजारांहून जास्त लोक बसतात, तेही चर्चमधल्यासारख्या लांब लाकडी बाकांवर, आणि त्या दिवशी गाणारे येऊन एक-दोन गाणी म्हणून जात होते. बाकं चर्चची वाटतात कारण ती वास्तू मुळात प्रार्थनामंदिरच. टॉम रायमन नावाच्या आगबोटींच्या मालकानं ते बांधवलं, १८९२ साली ते पुरं झालं. (निवेदक हार्टफर्डकडेही आगबोट चालवायचा परवाना होता! त्याला त्या रंगमंचावर किती घरच्यासारखं वाटलं असेल.) तेव्हा खरं तर 'जलसा' जास्त चपखल. अरबीत त्याचाही अर्थ बैठकच, पण मराठीत तो खुला, सार्वजनिक, अनेकांचा झाला. अडचण एवढीच की सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी त्या शब्दाला इतकं ठाशीव रूप दिलं आहे की नॅशव्हिलच्या कार्यक्रमाला तो लावताना हात आखडतो. मी साधं 'कार्यक्रमातलं ध्वनिमुद्रण' लिहीन. 'गीतसंग्रह' तर नकोच, तो छापील असतो. अल्बम हा अल्बमच. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एकेकाळी फोटोंच्या वहीसारख्या बांधणीत मिळायच्या, तिथून ते नाव आलं आणि तबकड्या गेल्या तरी राहिलं.

'नीलतृण' वाचून मलाही हसू आलं, पण कारण सांगण्याजोगं आहे. केंटकी राज्यात बिल मन्रो नावाचा मँडोलिनवादक होऊन गेला. त्याच्या चमूचं नाव 'ब्लू ग्रास बॉइज', आणि ते त्यानं आपल्या राज्याच्या टोपणनावावरून घेतलं. १९३९ साली हा चमू नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात आला. डिसेंबर १९४५मध्ये अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवाला त्यात दाखल झाला, तो याच रायमनच्या रंगमंचावर. त्याची तीन बोटांनी बँजो वाजवायची झपाटलेली तऱ्हा, मन्रोची मँडोलिन, लेस्टर फ्लॅटचं गिटार, फिडल आणि उभा बास यांतून जे घडलं त्याला लोक पुढं पन्नासच्या दशकात त्या चमूच्याच नावानं ओळखू लागले. म्हणजे आधी मंडळी, मग शैली. गवताशी नातं दोन पायऱ्या लांबचं. शिवाय ते गवत निळं नसतं, वाढू दिलं तर त्याच्या तुऱ्यांवर निळसर झाक येते इतकंच. विशेषनामाचं भाषांतर करायचं ठरवलं तर किराणा घराण्याला 'वाणसामान घराणं' म्हणावं लागेल. ते नाव उत्तर प्रदेशातल्या कैरानावरून आलं, दुकानावरून नव्हे, आणि ते सांगावंही लागत नाही.

लिहिताना 'ब्लूग्रास' की 'ब्लूग्रॅस'? चमूचं नाव वर मी रुळलेल्या वळणानं लिहिलंय, पण शैलीसाठी 'ब्लूग्रॅस' लिहावं असं मला वाटतं. अमेरिकी उच्चार त्याच्या जवळचा आहे, बँक-बॅट लिहिणाऱ्या मराठीला तो ॲकार जड नाही, आणि 'ग्रास' म्हणजे घास हा आपला जुना शब्द मध्ये लुडबुडत नाही.

वाचकानं विचारलं नाही, पण परिचयात हमखास घात करणारा शब्द म्हणजे 'बँजो'. मुंबईत, कोकणात 'बँजो पार्टी' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते गणपतीच्या मिरवणुकीतलं पथक, आणि त्यातला बँजो म्हणजे बुलबुल तरंग : आडव्या पेटीवर ताणलेल्या तारा, एका हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं छेडायचं. त्याचं मूळ जपानी वाद्यात. अमेरिकी बँजोशी त्याचं नावापलीकडे काही नातं नाही. तो बँजो म्हणजे गोल चौकटीवर ताणलेलं कातडं किंवा प्लास्टिकचा पडदा, त्याला लांब दांडी आणि पाच तारा. त्यातली पाचवी आखूड, तिची खुंटी दांडीच्या वरच्या टोकाला नसून मधेच बाजूला. ही तार अंगठ्यानं सतत वाजत राहते आणि तिचाच तो न थांबणारा किणकिणाट. वाद्याचं मूळ आफ्रिकेत, गुलाम करून आणलेल्या माणसांसोबत ते अमेरिकेत आलं. 'पहाडातल्या गोऱ्यांचं वाद्य' असं परिचयात बेलाशक लिहून जाल म्हणून हेही सांगून ठेवतो.

आता 'मूळ संगीत'. मराठीत मूळ म्हणजे ओरिजनल : मूळ प्रत, मूळ चाल, मूळ मालक. वाचणाऱ्याला वाटेल की नंतर कुणी नक्कल केली. 'रूट्स' ही खरं म्हणजे एक टोपली आहे. ब्लूज, गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, ओल्ड-टाइम, ब्लूग्रॅस असं बरंच काही तिच्यात पडतं. फेअरफिल्ड फोर हे नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय गॉस्पेल गायकांचं पथक, वाद्यांशिवाय गाणारं. क्रिस थॉमस किंग लुइझियानाचा ब्लूजवाला. आणि राल्फ स्टॅन्ली व्हर्जिनियाच्या डोंगरांतला. स्टॅन्लीला तर स्वतःच्या गाण्याला ब्लूग्रॅस म्हटलेलं फारसं रुचत नसे, तो त्याला जुन्या काळचं डोंगराकडचं गाणं म्हणायचा. एवढ्या सगळ्यांना आपल्याकडे बोलण्यात 'मातीतलं गाणं' हा शब्द आहे. जाहिरातवाल्यांनी तो पार घासून गुळगुळीत केला तरी अर्थानं तो 'रूट्स'ला सर्वांत जवळचा आहे. छापील परिचयात 'लोकपरंपरेतलं संगीत' म्हणा. निव्वळ 'लोकसंगीत' मला अपुरं वाटतं. ब्लूग्रॅस काही शेतात, जात्यावर आपोआप उगवलेलं नाही, रेडिओवर पोट असलेल्या व्यावसायिक वादकांनी ते घडवलं.

'पारंपारिक' नव्हे, 'पारंपरिक'. परंपरेला इक लागल्यावर पहिल्याच अक्षराची वृद्धी होते, म्हणजे 'प'चा 'पा' होतो, दुसऱ्या 'प'ला कानाची गरज नाही. ही चूक इतकी बोकाळली आहे की बरोबर लिहिणाऱ्यालाच लोक टोकतात. शब्दाच्या अर्थाकडेही बघा. आपल्याकडे तबकड्यांवर 'गीत : पारंपरिक' असं छापलेलं असे, म्हणजे रचणाऱ्याचं नाव ठाऊक नाही. या अल्बमला २००२ सालचं पारंपरिक लोकसंगीताच्या अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पण गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांनी त्या संध्याकाळी गायलेलं एक गाणं त्यांचं स्वतःचं, नवंकोरं होतं, तिथलंच मुद्रण त्यांनी २००१मध्ये आपल्या अल्बमात घेतलं. म्हणजे इथं पारंपरिक हे रचनेचं वय नसून वळण आहे. म्हणून विशेषण गाण्यांना नको, वळणाला लावा.

तर वाक्य असं काहीसं व्हावं : 'अमेरिकेतल्या ब्लूग्रॅस आणि इतर लोकपरंपरांतल्या गाण्यांचा, नॅशव्हिलच्या रायमन सभागृहातल्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेला अल्बम.' लांबलं, पण कुणी हसणार नाही.

पुढे लिहाल तेव्हा आणखी दोन शब्द आडवे येतील. मन्रो-स्टॅन्लीच्या गाण्याला 'हाय लोनसम' म्हणतात. 'उंच एकाकी' असं काही करू नका, 'टिपेतला आर्त सूर' म्हणा. स्टॅन्लीनं त्या दिवशी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मृत्यूला विनवणारं गाणं एकही वाद्य न घेता, नुसत्या गळ्यावर म्हटलं. ते ऐकलंत तर 'टिपेतला' शब्द आपोआप सुचेल. दुसरा 'ब्रेक'. ब्लूग्रॅसमध्ये एकेकजण माइकपुढे सरकतो, आपली चाल सजवून वाजवतो आणि पुढच्याला जागा देत मागं होतो. त्या पाळीला 'ब्रेक' म्हणतात. एका भाषांतरात मी 'बँजोवादकाच्या विश्रांतीला टाळ्यांचा कडकडाट झाला' असं वाचलंय. तिथं बिचारा घामाघूम होऊन वाजवत होता.